पावसाळ्यात प्रिंटरचं कॅलिब्रेशन एक दिवस टिकत नाही, कागद सादळून वाकतोय, काय करू?

तळ्याकाठचा (सावंतवाडी)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. माझं फोटो आणि पत्रिकांचं छोटं दुकान आहे. सहा कलरचा ए-फोर इंक टँक प्रिंटर, ओरिजिनल डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची), कागद मागच्या ट्रेमधून. मे महिन्यापर्यंत कसलीच कटकट नव्हती, मिरग लागला आणि सगळं फिसकटलं.

पत्रिकांना दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेला १७० जीएसएम (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅट वापरतो आणि फोटोंना बाजारात मिळतो तो स्वस्तातला १८० जीएसएम ग्लॉसी. सकाळी ट्रेमध्ये २०-२५ शीट लावतो, दुपारपर्यंत मॅटच्या कडांना लाटा आणि ग्लॉसी तर पन्हाळीसारखा वळलेला. छापताना उजव्या कोपऱ्यात शाई सोडणारं हेड घासून काळा फराटा पडतो. हेड अलाइनमेंट (नंबरवाले चौकोन छापून त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडायचा) केली तर सोमवारी ४ नंबरचा चौकोन बरा दिसला, मंगळवारी ६ नंबरचा, बुधवारी परत ४, म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा? बारीक अक्षरं दुहेरी दिसतात, तीही अख्ख्या पानावर नाही, मधेच एका पट्ट्यात, खालीवर एकदम स्वच्छ, हे काय गौडबंगाल आहे कळत नाहीये. पाठपोट छापलं की मागची चौकट पुढच्या चौकटीपेक्षा मिलिमीटरभर सरकलेली. आणि रंगाचं तर विचारूच नका, सगळ्यांचे चेहरे तांबूस, चार पेग मारून बसल्यासारखे, आणि फोटो आहे भजनी मंडळाचा, बुवा मला दारात उभं करणार नाहीत.

नॉझल चेक (हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते बघायचा नमुना) पूर्ण येतो, एक रेघ तुटलेली नाही, तरी मनाचं समाधान म्हणून सहा वेळा हेड क्लीनिंग मारलं. दुकानात एसी नाही. हवेतला ओलावा मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणलाय, तो ८८ टक्के दाखवतो.

चवथीच्या आधी ३०० आमंत्रणं द्यायची आहेत, पाठपोट, पुढे तोच बारा जणांचा फोटो. रोज कॅलिब्रेशन करत बसायचं का? रंग मोजायचं मशीन घ्यावं का? की प्रिंटरच बदलू?

शाईचा_डाग (पुणे)

दादा सगळ्यात आधी हेड क्लीनिंग थांबवा. नॉझल चेक पूर्ण येतोय म्हणजे हेड स्वच्छ आहे, आता त्यात जी शाई जातेय ती सरळ वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या बोळ्यात जातेय आणि पॅड भरला की तो वेगळा भुर्दंड.

प्रिंटर बदलू नका, नवीन आणला तरी तो तुमच्याच दुकानात येऊन तुमचाच कागद खाणार आहे. तुम्ही रोज जे मोजताय ते त्या दिवशीच्या कागदातलं पाणी आहे. कागद म्हणजे लाकडाचे तंतू, ते हवेतलं पाणी ओढतात आणि फुगतात, पोहे सादळतात तसंच, फक्त पोहे मऊ पडले की कळतं आणि कागद मात्र वरून कोरडाच वाटतो.

तुमच्या दुहेरी अक्षरांचं कोडं आधी सोडवू कारण त्यातच सगळं आलं. हेड उजवीकडे जाताना पण छापतं आणि डावीकडे येताना पण. थेंब सुटतो तेव्हा हेड पळत असतं, त्यामुळे थेंब सरळ खाली न पडता थोडा पुढे जाऊन पडतो, जातानाचा एका अंगाला आणि येतानाचा दुसऱ्या अंगाला. अलाइनमेंट म्हणजे या दोघांची गाठ घालून देणं, आणि ती गाठ हेड आणि कागदातल्या ठरावीक फटीसाठीच बरोबर असते. ही फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोष्ट आहे हो. कागदाला लाट आली की लाटेच्या माथ्यावर फट कमी झाली, थेंब लवकर टेकले, गाठ सुटली, रेघ दुहेरी. म्हणून फक्त पट्ट्यात दिसतं, तो पट्टा म्हणजे लाटेचा माथा. आणि लाट अजून उंच झाली की तिथेच हेड घासतं, तो तुमचा फराटा. सोमवारचा ४ आणि मंगळवारचा ६ यात खोटं कोणीच नव्हतं, दोन वेगवेगळे वाकलेले कागद होते इतकंच.

त्यामुळे क्रम असा ठेवा, आधी कागद, मग अलाइनमेंट, मग शाई किती पडतेय ते, आणि रंग सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर खालचं हललं की वरचं सगळं परत करावं लागतं.

कागदासाठी अख्खं दुकान कोरडं करायच्या नादाला आत्ता लागू नका. रबरी गॅस्केटवाला मोठा प्लास्टिकचा डबा घ्या ज्यात ए-फोर आडवा मावेल, आत सिलिका जेल आणि एक हायग्रोमीटर. आतली हवा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची, कागद बनवणारे आणि छापणारे दोघंही साधारण तिथेच बसवून काम करतात. जास्त सिलिका कोंबून २५-३० वर नेऊ नका, तो कागद बाहेर काढल्या काढल्या अधाशासारखं पाणी ओढतो आणि कडा जास्तच नाचतात. थप्पी तशीच्या तशी ठेवली तर दोन दिवसांत कडा सुधारतील आणि मधला भाग सादळलेलाच राहील, म्हणून शीट मधेमधे पट्ट्या घालून सुटी ठेवा. सुटा कागद तास-दोन तासांत हवेशी जमवून घेतो, बांधलेल्या रिमला दिवस लागतात.

आणि ट्रेमध्ये २५ नाही, ५ शीट. पाच संपली की पुढची पाच. रात्री ट्रे रिकामा. हे एवढं जरी केलं तरी निम्मं दुखणं जाईल.

सिलिकाचे निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या, पाणी प्यायले की हिरवे होतात, मग ओव्हनमध्ये १२० डिग्रीच्या आसपास दोन-तीन तास तापवले की परत तयार. घरच्या कढईत भाजू नका, वहिनी मला शोधत पुण्याला येतील.

कूलरवाला_अकोला

वाचून गंमत वाटली कारण आमच्याकडे उलटं दुखणं. मे महिन्यात इथे हवा इतकी कोरडी की कागद कडांकडून आकसतो आणि मधे फुगा येतो, वर स्टॅटिक, दोन-दोन शीट चिकटून आत जातात. मी शहाणपणा करून प्रिंटरच्या खोलीत कूलर लावला. सकाळी ११ ला कूलर चालू, तासाभरात खोलीची हवा २० वरून ६०-६५ वर, दुपारी लाईट गेली की परत खाली. म्हणजे एकाच दिवसात तुमचा जून आणि माझा मे. त्या वर्षी माझ्या एकाही बॅचचा राखाडी रंग दुसऱ्या बॅचशी जुळला नाही. आता कूलर बाहेरच्या खोलीत आणि मधलं दार बंद. मी घामाने भिजतो, कागद मजेत. शाईचा_डाग म्हणतायत ते पटतं, हवा किती आहे त्यापेक्षा ती दिवसभर हलते किती हे बघा.

खिळेवाले_काका (कोल्हापूर)

मी इंकजेटवाला नाही, ३१ वर्षं ऑफसेटवर काढली, त्याआधी वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता, नाव तिथूनच. पण कागद तोच आहे म्हणून बोलतो.

पोरांनो कोणी ग्रेन बघितला का? कागद बनताना तंतू मशीनच्या दिशेने झोपतात. पाणी प्यायल्यावर तंतू लांबीला फार वाढत नाही, जाडीला फुगतो. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या अंगाला कितीतरी पट जास्त वाढतो आणि ग्रेनच्या बाजूने जेमतेम. आडवा समजा अर्धा टक्का वाढला, ए-फोरची रुंदी २१० मिलिमीटर, झाला की नाही एक मिलिमीटर? तुझी मागची चौकट सरकते ती हीच. पुढची बाजू छापलीस, कागदाने शाईतलं पाणी प्यायलं, फुगला, लगेच उलटा करून घातलास. पहिली बाजू छापून किमान काही तास डब्यात परत ठेव, रात्रभर ठेवलास तर उत्तम, आणि मग पाठ छाप. तीनशेच्या तीनशे पुढच्या बाजू आधी, मग सगळ्या पाठी. आमच्याकडे चार रंगांचं काम एकरंगी मशीनवर चार वेळा फिरवायचो तेव्हा पावसाळ्यात कागद दोन दिवस मशीनरूममध्ये आणून ठेवल्याशिवाय पहिली शीट सोडत नव्हतो, नाहीतर चौथ्या रंगाला चेहऱ्याला दोन नाकं.

ग्रेन बघायचा सोपा उपाय, कागदाचा हातभर नको, बोटभर चौकोन काप, एका बाजूला ओलं बोट फिरव, तो नळीसारखा वळेल. नळी ज्या दिशेला लांब, तो ग्रेन. पण मूळ शीटवर आधी पेन्सिलीने बाणाची खूण कर, नाहीतर चौकोन कापल्यावर कुठली बाजू कुठली ते आठवत नाही, मीच केलेला गाढवपणा आहे. पत्रिकेची घडी ग्रेनच्या बाजूने आली तर घडीवर कागद फुटत नाही, तेही त्यातच बघून घे.

अजून एक. तो डिजिटल डबा ८८ म्हणतो म्हणून ८८ असेलच असं नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घे, पाण्याचे थेंब टाकून ओलसर चिखल कर, पाणी वर तरंगायला नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत घालून बंद करून रात्रभर ठेव. आत बरोबर ७५ टक्के होतं, मिठाचा गुणच आहे तो. सकाळी तुझा हायग्रोमीटर काय म्हणतो बघ, जो फरक असेल तो कायम लक्षात ठेव. प्रिंटर कॅलिब्रेट करणारा माणूस हायग्रोमीटर मात्र दुकानातून आणून तसाच वापरतो, गंमतच आहे.

आणि कागदात पाणी आहे का हे डोळ्याने बघू नकोस, वजन कर. स्वयंपाकघरातला काटा चालेल.

तळ्याकाठचा (सावंतवाडी)

काका, मिठाचा प्रयोग केला. सकाळी ८१ दाखवत होता! म्हणजे माझा ८८ खरा ८२ च्या आसपास. तरी भरपूरच, पण आता निदान कळलं तरी.

वजनाचं ऐका. १७० जीएसएमची २० शीट ट्रेमधून काढून काट्यावर ठेवली, २२१ ग्रॅम. हिशोबाने ए-फोरचं एक शीट १०.६ ग्रॅम म्हणजे वीस शीट २१२ व्हायला हवीत. तीच शीट डब्यात पट्ट्या घालून दोन दिवस ठेवली, आत ५२ टक्के, परत मोजली, २१३. आठ ग्रॅम पाणी! बायको म्हणाली काटा बघून शिरा कधी केला नाहीत आणि कागद मोजताय.

मग त्या कागदावर अलाइनमेंट केली, ५ आला. दुसऱ्या दिवशी ५. आजही ५. दुहेरी रेघा गेल्या, फराटा पण गेला, निदान आत्तापर्यंत. पाठपोट आता अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे, पुढची बाजू छापून रात्रभर डब्यात ठेवतोय.

पण चेहरे अजून तांबूसच. तेवढं काही हललं नाही. आणि फोटोच्या गडद भागात, बुवांच्या काळ्या कोटावर, छापल्यावर कागद बारीक सुरकुततो, वाळला की बराचसा बसतो पण हात फिरवला तर लागतो.

खिळेवाले_काका (कोल्हापूर)

शाब्बास. पण ते २१२ धरून बसू नकोस, जीएसएम कागदाच्या पाकिटावर लिहितात त्यात चार-पाच टक्के इकडेतिकडे चालतं. तीच शीट आधी आणि नंतर, हा फरक खरा.

शाईचा_डाग (पुणे)

आठ ग्रॅम वीस शीटवर, म्हणजे एका शीटमध्ये ०.४ ग्रॅम. गडद ए-फोर पानावर प्रिंटर साधारण मिलिलिटरभर शाई टाकतो आणि त्यात बरंचसं पाणीच असतं. म्हणजे छापायच्या आधीच कागद निम्मं जेवून बसला होता, मग वरची शाई कुठे जाणार.

सुरकुतीचं कारण मीडिया टाइप असणार. ड्रायव्हरमध्ये तुम्ही काय निवडता? ग्लॉसीचा पर्याय निवडून मॅटवर छापत असाल तर प्रिंटर ग्लॉसीच्या हिशोबाने शाई ओततो. मीडिया टाइप म्हणजे कागदाचं नाव नाही, शाई किती सोडायची, फट किती धरायची, किती फेऱ्यांत छापायचं हे सगळं त्यात बांधलेलं असतं. मॅटचा पर्याय निवडून बघा. तरी सुरकुतलं तर एक पायरी खालचा क्वालिटी मोड, आणि दोन्ही दिशांनी छापायचा हाय स्पीड पर्याय बंद करा, वेळ दुप्पट लागेल पण एका फेरीची शाई थोडी मुरायला सवड मिळते.

घासणं टाळायचा जो पर्याय असतो मेंटेनन्समध्ये, हेड वर उचलणारा, तो गरज नसेल तर लावू नका. फट वाढली की थेंब जास्त लांब उडतो, कडा मऊ होतात, आणि लावलाच तर अलाइनमेंट परत त्याच सेटिंगवर करावी लागते. बरेच लोक हे विसरतात आणि मग प्रिंटरला शिव्या.

आडव्या पट्ट्या आल्या तर ते वेगळं दुखणं बरं का, तो कागद पुढे सरकण्याचा हिशोब असतो. पांढरी रेघ म्हणजे कागद जरा जास्त सरकला, गडद रेघ म्हणजे कमी सरकला. ओल्या कागदावर रोलर वेगळा पकडतो, म्हणून तेही डब्यातल्या कागदावरच तपासायचं.

नीता_मडगाव

चेहऱ्यांबद्दल बोलते, कारण कागदाचा तिढा तुम्ही सगळ्यांनी सोडवलात आणि हा त्यातला नाहीच असं मला वाटतंय. दमट हवेत डाय शाई थोडी पसरते, रंग गडद-मळकट होतो, पण अख्खे चेहरे एकसारखे लाल करत नाही. एकसारखा लाल-जांभळट झाक म्हटलं की मी पहिला संशय दोनदा झालेल्या कलर मॅनेजमेंटवर, म्हणजे रंगांच्या दुरुस्तीवर घेते.

दादा तुम्ही फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधून छापताना "रंग सॉफ्टवेअरने सांभाळायचे" असं निवडता आणि ड्रायव्हरमध्ये पण रंगाची दुरुस्ती चालूच असते ना? मग एकाच फोटोवर दोन डॉक्टरांनी दोन वेगळी औषधं दिली. सॉफ्टवेअर रंग सांभाळत असेल तर ड्रायव्हरच्या रंगाच्या टॅबमध्ये जाऊन कस्टम, आणि तिथे नो कलर अ‍ॅडजस्टमेंट. किंवा उलट करा, सगळं ड्रायव्हरवर सोपवा. दोघांपैकी एकच. जूनमध्ये काही बदललं होतं का आठवा, ड्रायव्हर परत टाकला वगैरे?

आता मशीन घ्यायचं की नाही. एका कागदासाठी घेऊ नका, स्पेक्ट्रोफोटोमीटर स्वस्त नाही. अर्गिल सीएमएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चार्ट (रंगीत चौकोनांचं पान) बनवतं आणि मोजलेल्या आकड्यांवरून प्रोफाइल (तो प्रिंटर त्या कागदावर कुठला रंग कसा छापतो याचा तक्ता) पण, पण मोजायला मशीन लागतंच. फ्लॅटबेड स्कॅनरने मोजायचा जुगाड लोक करतात, मीही केला, राखाडी रंगाला हिरवी झाक आली आणि दोन रविवार गेले. त्यापेक्षा चार्ट छापून ज्याच्याकडे मशीन आहे त्याला पाठवा, प्रोफाइल बनवून देणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत.

फक्त चार्ट छापताना एवढं पाळा. कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद ठेवून छापायचा, त्यासाठी अडोबीची कलर प्रिंटर युटिलिटी फुकट मिळते. मीडिया टाइप आणि क्वालिटी जी नंतर रोज वापरणार तीच, एक पर्याय बदलला की प्रोफाइल दुसऱ्याच प्रिंटरचं झालं समजा. छापल्यावर लगेच मोजायचं नाही, डाय शाईचे रंग वाळताना सरकतात, मी २४ तास ठेवते. आणि तुमच्या केसमध्ये ते २४ तास डब्यात! नाहीतर चार्टच सादळलेला जाईल. कुरियरला देताना दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून हवाबंद पिशवीत, वळलेल्या चार्टवर मशीनची पट्टी सरळ फिरत नाही आणि चौकोन चुकीचे वाचले जातात.

माझ्याकडे एकाच कागदाची दोन प्रोफाइलं आहेत, एक पावसाळी आणि एक डिसेंबरची. जुलैत केलेलं डिसेंबरमध्ये वापरलं तर गडद भाग वेगळे दिसतात, मी मोजलंय. तुम्हालाही दोन करायला सांगेन.

शाईचा_डाग (पुणे)

नीताताई बाकी सगळं मान्य, दोन प्रोफाइलांचं नाही पटलं. पावसाळी प्रोफाइल म्हणजे नक्की कुठला पाऊस? ७० टक्क्यांचा की ९० चा? कागद ५० वर बसवून ठेवता येतो म्हटल्यावर प्रोफाइल एकच पुरतं, बाराही महिने. दोन ठेवली की पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुठलं लावायचं यावर परत इथे धागा निघेल.

नीता_मडगाव

कागद ५० वर बसवता येतो हो, पण छापताना प्रिंटर उभा असतो ८० च्या हवेत, शाई वाळते ८० मध्ये. माझ्या खोलीला समुद्राचा वारा येतो, डब्यातून काढलेला कागद पाच मिनिटांत बदलायला लागतो. डबा म्हणजे कागदाला छत्री, घर नाही. ज्याला खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावता येतो त्याने एकच ठेवावं, ज्याला येत नाही त्याने दोन. आणि तुमचं पुणं कोरडं आहे, तिथून बोलणं सोपं आहे 😄

शाईचा_डाग (पुणे)

जुलैत या कधी पुण्याला, मग बोलू. पण वाळायचा मुद्दा खरा आहे, तो मी धरला नव्हता. तळ्याकाठच्या दादांनी छापलेलं शीट पंख्याखाली न ठेवता सरळ डब्यात एकेक पट्टीवर ठेवलं तर? पंखा दुकानातलीच ओली हवा त्याच्यावर मारतोय. गरम हवेचा ड्रायर तर नकोच, वरची बाजू पटकन आकसते आणि कागद वाटीसारखा होतो. ओली शीट एकमेकांवर मात्र टाकू नका, आणि छापलेल्यांसाठी दुसरा डबा, नाहीतर शाईतलं पाणी कोऱ्या कागदात जाईल.

कूलरवाला_अकोला

गिटारवाले वाद्याच्या पेटीत ठेवतात ती ४९ टक्केवाली पाकिटं बघा, ती जास्त झालं की ओढतात आणि कमी झालं की सोडतात, सिलिका जेलसारखी एकतर्फी नाहीत. छोट्या डब्याला दोन-तीन लागतील. सिलिकाने आधी खाली आणायचं आणि मग ही पाकिटं टाकून तिथेच धरायचं, माझं मे महिन्यात असंच चालतं, म्हणजे माझ्या बाबतीत ती पाणी सोडतात.

तळ्याकाठचा (सावंतवाडी)

ताई, पाय कुठे आहेत तुमचे. जूनमध्ये लाईटच्या लपंडावात कॉम्प्युटर बसला होता, पोराने विंडोज परत टाकून दिलं आणि ड्रायव्हर पण. त्यात रंगाची दुरुस्ती आपोआप चालू झाली होती, सॉफ्टवेअरमध्ये माझं जुनं प्रोफाइल तसंच. दोन्हीकडून मारा. बंद केलं आणि बुवा एका मिनिटात शुद्धीवर आले. दोन महिने मी पावसाला शिव्या देत होतो, त्यातल्या निम्म्या पोराच्या वाट्याच्या होत्या.

मीडिया टाइप पण चुकलेलाच निघाला. मी वर्षानुवर्षं मॅटवर ग्लॉसी निवडत होतो कारण रंग भडक येतात आणि गिऱ्हाईकाला आवडतं. मॅट निवडल्यावर रंग जरा शांत आहेत पण कोटावरच्या सुरकुत्या जवळपास गेल्या. हाय स्पीड बंद केलंय, एका पानाला फार वेळ लागतो, चहा होतो तेवढ्यात.

ग्लॉसीचं मात्र अजून जमलं नाही. १८० वाला डब्यातून काढून छापला तरी संध्याकाळपर्यंत वळतोच, गिऱ्हाईकाच्या हातात देताना लाज वाटते.

शाईचा_डाग (पुणे)

तो वळणारच, त्याच्यावर कॅलिब्रेशनचा उपाय नाही. स्वस्त ग्लॉसी म्हणजे साध्या कागदावर एकाच बाजूला चकचकीत कोटिंग, मागची बाजू उघडी. दोन बाजू सारखं पाणी पीत नाहीत, मग तो वळतो. आरसी (रेझिन कोटेड) कागद घ्या, त्यात मधल्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, साधारण २४० ते २७० जीएसएममध्ये मिळतो. पाणी मधल्या कागदापर्यंत पोचतच नाही म्हणून लाटा येत नाहीत. महाग आहे, पण वाया गेलेली शीट मोजा आणि मग ठरवा. ओळखायला सोपं, कोपरा फाडून बघा, आरसी असेल तर फाटताना प्लास्टिकचा पापुद्रा ताणला जातो.

खिळेवाले_काका (कोल्हापूर)

तीनशे आमंत्रणांना ३२५ शीट धर. आणि ती सगळी एकाच पाकिटातली, एकाच दिवशी डब्यात गेलेली. अर्धी जुनी अर्धी नवी घालू नकोस.

तळ्याकाठचा (सावंतवाडी)

काका ३३० ठेवली आहेत, एका डब्यात मावली नाहीत म्हणून शेजारच्या किराणावाल्याकडून काजूच्या पॅकिंगचा मोठा डबा आणला, धुऊन पुसून दोन दिवस उन्हाची वाट बघितली, ऊन काही आलं नाही, शेवटी आत सिलिका घालूनच कोरडा केला. काजूचा वास थोडा आहे. आज ७० पुढच्या बाजू छापल्या, पाच-पाचच्या घासाने, वाया फक्त दोन, त्यातलं एक मांजराने. अलाइनमेंट अजून ५ वरच आहे. प्रोफाइलसाठी चार्ट चवथीनंतर पाठवतो, ताई तुम्ही तो किती चौकोनांचा काढता आणि दोन पानांचा असला तर दोन्ही पानं एकाच दिवशी छापायलाच हवीत का, तेवढं सांगून ठेवा.

नीता_मडगाव

मी साधारण ९०० चौकोन घेते, ए-फोरची दोन पानं होतात. एकाच दिवशी, एकामागोमाग, मधे टाकीत शाई भरायची नाही. आणि बघताना ट्यूबलाइटखाली बघून घाबरू नका, खिडकीजवळ बघा, पण भर पावसात आभाळ निळसर उजेड देतं तेही धरून चाला. काजूच्या वासाचं प्रोफाइल बनत नाही, निश्चिंत राहा.